हळदीच्या दिवसांत ‘कॅच’ शिकवला तेव्हा

साहेब मागच्या बाकावर बसले आणि मी वर्गाकडे पाहिलं. अकरा तोंडं माझी नव्हती. ती आठवीतून उसनी आणलेली होती.

इन्स्पेक्शनचा दिवस होता. मी कुरुंद्याजवळच्या एका शाळेत नववीला इंग्रजी शिकवत असे. हळद शिजवायचे दिवस आले की मुलं शेतात जातात आणि बाकं रिकामी पडतात. हेडमास्तरांनी ती भरून टाकली होती.

माझी एक पद्धत होती. एका शब्दाला एक कार्ड. त्यावर अर्थ, उगम आणि आपल्या गावातलं एक वाक्य. त्या दिवशीचा शब्द होता कॅच.

“कॅच म्हणजे?”

“झेल, मॅडम!” क्रिकेटमुळे एवढं सगळ्यांनाच येत होतं.

मी सांगितलं, वसमतची बस गाठली तरी कॅच, सर्दी झाली तरी कॅच, समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं तरी कॅच. मग उगम. कॅच आणि चेस, म्हणजे पाठलाग, ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, फ्रेंचमधून दोन वाटांनी इंग्रजीत आलेली. सुरुवातीला कॅचचा अर्थही शिकारीमागे धावणं असाच होता. हाती लागणं नंतर आलं.

साहेबांनी एका मुलीला उठवलं. “कालचं कार्ड कोणतं होतं?”

“काल आमी आठवीत होतो, सर.”

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. “मॅडम, तुमची मुलं कुठं आहेत?”

“हळदीत, सर. बाकीची येतील. वंदनाचं सांगता येत नाही.”

वंदना माझी सगळ्यात हुशार मुलगी. आईवडील नव्हते, आजीजवळ राहायची. सोमवारपर्यंत आली नाही तर हेडमास्तर तिचं नाव पटावरून कमी करणार होते. म्हणजे परीक्षा गेली, आणि मुलीची शाळा एकदा सुटली की सुटलीच.

शाळा सुटल्यावर मी तिच्या आजीच्या शेतात गेले. कढईतून वाफ निघत होती. वंदना शिजलेली हळद उन्हात पसरत होती.

“काहून आलात बाई एवढ्या उन्हात?” तिच्या आजीनं विचारलं.

“वंदनाला न्यायला.”

“आन् माझ्यापाशी कोण ऱ्हाईल? शिकली की जाईल ती. तुमचं पोरगं गेलं न्हवं परदेशात? आलं का माघारी?”

नातवंडांनो, तुमचे बाबा त्याच वर्षी परदेशात गेले होते. खोटं बोलता आलं असतं.

“न्हाई आलं,” मी म्हणाले. “रविवारी फोन करतं.”

“तरी म्हणून राहिल्या, पोरगी धाडा?”

“व्हय.”

म्हातारीनं कढईखाली एक लाकूड सारलं. मग नातीवर ओरडली, “उभी काय राहिलीस? जा, हात धू. पिवळ्या हातानं पेन धरशील का?”

सोमवारी वंदना बाकावर होती. बोटं पिवळीच होती. हेडमास्तर म्हणाले, “मॅडम, तुमच्या कॅचपायी उसनी मुलं पकडली गेली, मला मेमो मिळाला.” आठवीची मुलं आठवीत परत गेली.

वंदना आता नर्स आहे, हैदराबादला. तिच्या आजीच्या शेतात रेंज नाही, म्हणून रविवारी म्हातारी माझ्याकडे येते. आम्ही दोघी चहा घेऊन फोनसमोर बसतो. आधी वंदनाचा येतो, मग तुमचा. मधेच आवाज तुटतो आणि तुम्ही म्हणता, “आजी, कॅच नाही झालं, पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगायच्या आत लाइन जाते. म्हातारी म्हणते, “लावतील पुन्हा. बसा.”

नोकरीत एवढं शिकले: मागे धावून मुलांना शाळेपर्यंत आणता येतं. पुढे त्यांच्या वेगानं आपल्याला धावता येत नाही. म्हणून फोन तुटला तर तुम्हीच पुन्हा लावा. आम्ही दोघी बसलेल्या असतो.