दारामागचा रंग

हे सदर मी इतकी वर्षं वाचत आले ती निव्वळ करमणूक म्हणून. स्पष्टच सांगते. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, बाहेर अंधारून आलेलं, मग चहा घेऊन बसायचं, लोकांचे असले अतर्क्य अनुभव वाचायचे आणि नवऱ्याला म्हणायचं, "यांना म्हणावं आधी घरातलं वायरिंग तपासून घ्या." मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. समोरच्याच्या कामातली खोट काढण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा खाली जे लिहिलंय त्यातली खोट मी स्वतः भरपूर शोधली आहे. सापडली नाही... तुम्हाला सापडली तर उपकार होतील.

आमचं घर येरवड्यात. जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट — एक आमचा, एक लिमयेकाकूंचा. दार उघडलं की थेट हॉल. दार आतल्या बाजूला उघडतं आणि डावीकडच्या भिंतीला जाऊन टेकतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी एकुलती एक. सोळा वर्षं तिकडे. आई दीड वर्षापूर्वी गेली, आणि त्यानंतर बाबांचं विसरणं भराभर वाढलं. आधी चष्मा, मग आजची तारीख, मग मी. फोनवर मला "आपण कोण बोलताय?" असं विचारायला लागले. अतिशय अदबीनं. पण घरात ते नीट वावरायचे. दिव्याची बटणं, मोरी, देवघर, सगळं हाताला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना त्यांच्या घरातून हलवू नका.

आणि मी नेमकं तेच केलं. यंदा पावसाळ्यात भिंतींना ओल आली, पोपडे पडायला लागले, बाथरूममध्ये बाबा घसरले. घराचं काम काढण्यावाचून इलाज नव्हता. दीड महिना बाबांना शहराबाहेरच्या एका केंद्रात ठेवलं. तिथली माणसं वाईट नव्हती, पण बाबा दिवसेंदिवस गप्प होत गेले, जेवण अर्ध्यावर आलं. मी रोज फोनवर सांगायचे, "घर झालं की घरी जायचं हं, बाबा."

कामावर मी तिकडून व्हिडिओ कॉलनं देखरेख करत होते. आमचे पेंटर शंकरराव, मांजरी गावचे. एक दिवस त्यांनी फोन हॉलभर फिरवला आणि विचारलं, "ताई, हॉलला ह्योच जुना रंग पुन्यांदा करायचा का?"

मी म्हटलं, "नको नको, सगळं पांढरं करा. शेड कार्डवरचं तिसरं."

तिकडे भाड्याचं घर सोडताना भिंती पांढऱ्या करून किल्ली परत द्यायची पद्धत आहे. आम्ही चार घरं बदलली, चारही स्वतः रंगवली. त्यामुळे रंगातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. पांढरं म्हणजे स्वच्छ, पांढरं म्हणजे नवं. पांढरं म्हणजे माणसं निघून गेलेलं घर, हे डोक्यातच आलं नाही.

तीन आठवड्यांची रजा काढून आले. पहिल्यांदा पाहिलं ते लिमयेकाकूंनी, माझ्या खांद्यावरून. "छान. दवाखाना कधीपासून सुरू?"

दुसऱ्या दिवशी बाबांना आणलं. जिना चढताना खुशीत होते, कठड्याला हात लावत, स्वतःहून. दार उघडलं, त्यांनी आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरकले. "माफ करा हं, चुकीच्या दाराशी आलो."

मी नाना परीनं सांगितलं. पाटी दाखवली, आईचा फोटो दाखवला. फोटो हातात घेऊन म्हणाले, "हा आपल्याकडे कसा?" आत काही आले नाहीत. जिन्याच्या चौकात खुर्ची टाकून दिली, त्यावर बसून राहिले. दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघून, "बाई, आपण मला घरी सोडता का? आमच्या घरी वाट बघत असतील."

चार दिवस हेच. जेवण खुर्चीत, झोप लिमयेकाकूंच्या दिवाणावर. काकू पंच्याहत्तरच्या, गुडघे गेलेले. त्या कितीही चांगल्या असल्या तरी हे किती दिवस चालणार? तिकडून केंद्रातला फोन, "तुमची जागा शनिवारपर्यंत राखून ठेवतो, मग दुसऱ्याला द्यावी लागेल." मला सरळ दिसत होतं. शनिवारी मी बाबांना परत तिथे सोडणार, आणि ते तिथून पुन्हा घरी येणार नाहीत.

मग मी त्या जुन्या रंगाच्या मागे लागले. ऐकायला सोपं वाटतं ना? आपल्याच घराचा रंग! मी जन्मले तेव्हापासून हॉल त्याच रंगाचा. पण सांगता येईना. निळा? हिरवा? काकू म्हणाल्या, "मोरपिशी. म्हणजे अगदी मोरपिशी नाही गं." फोटो काढून बसले तर प्रत्येक फोटोत वेगळा — फ्लॅशमध्ये आकाशी, ट्यूबलाइटखाली करडा, माझ्या साखरपुड्याच्या फोटोत चक्क पोपटी. त्यातून मी हौसेनं बुधवार पेठेतून पिवळट उजेडाचे नवे दिवे आणून लावले होते, त्यांच्याखाली तर कशाचाच रंग धड दिसत नव्हता. भिंतीत कुठे जुना थर उरलाय का ते शंकररावांना विचारलं.

"कुटनं उरंल, ताई? तुमीच म्हनला हुता न्हवं, समदं खरवडा. सिमेटापतुर घासलंय. बोर्ड बी नवं बसवलं. माती गाडीनं गेली."

खरं म्हणजे तो रंग कुठल्याच कार्डावर नव्हता. तो आईचा होता. दर पाच-सहा वर्षांनी रंगकाम निघालं की ती पेंटरच्या शेजारी पाटावर बसायची. पांढऱ्या बादलीत निळं किती, पिवळं किती, काळ्याचा एक थेंब — "बास! बास म्हटलं ना!" आणि रंग बघायची ती कधीही समोरच्या भिंतीवर नाही. बादलीत तीन बोटं बुडवायची आणि हॉलच्या दारामागे, खाली, गुडघ्याच्या उंचीला ओढायची. म्हणायची, उजेडात सगळेच रंग बरे दिसतात, कोपऱ्यात कसा दिसतो ते बघावं. बाबा कचेरीतून आले की चप्पल काढायच्या आधी दार लोटून मागे वाकून बघायचे आणि विचारायचे, "झाला का रंग?" ती आतून ओरडायची, "ओला आहे अजून, हात लावू नका!"

हे सगळं आठवत होतं. फक्त रंग आठवत नव्हता.

शंकररावांनी समोरच्या भिंतीवर अकरा पट्टे मारले, पेन्सिलीनं नंबर घालून. मी एकेकापुढे उभी राहून "हाच... नाही, हा" करत होते. बाबांना दारापर्यंत आणायचं, त्यांनी बघायचं. "छान आहे. कोणाचं घर म्हणालात?" आणि परत खुर्चीत.

बुधवारी संध्याकाळी मी त्या हॉलमध्ये फरशीवर बसून रडले. चांगली हुंदके देऊन. मोठ्यानं म्हणाले, "आई, मला आठवत नाहीये गं. तू सांग ना. कुठला होता?" बाहेर बाबा काकूंना विचारत होते, "आत कोणी आजारी आहे का?"

आता गुरुवार. इथून पुढचं मी दहा वेळा तपासलंय.

सकाळी साडेदहाला कुलूप लावून मी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. लॅच नवं, त्याच्या तीन किल्ल्या, तिन्ही एकाच रिंगमध्ये, रिंग माझ्या पर्समध्ये. अजून कोणाला दिलीच नव्हती. खिडक्यांना ग्रिल. सव्वादोनला परतलो. शंकरराव खाली पायरीवर डबा खाऊन वाट बघत बसले होते. तिघे वर गेलो. मी दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे बाबांची खुर्ची सरळ करायला वळले.

बाबा माझ्या बाजूनं आत गेले.

सरळ आत. दोन पावलं टाकून थांबले, दार लोटलं आणि मागे वाकून बघू लागले. मी आणि शंकरराव उंबऱ्याबाहेर, दार अर्धं मिटलेलं, आणि आतून बाबांचा आवाज, "झाला का रंग?"

मी आत शिरले. दारामागे, गुडघ्याच्या उंचीला, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तीन बोटांचे ओढलेले पट्टे. बघताक्षणी ओळखला. निळा नव्हे, हिरवा नव्हे, पावसाळ्यात बंडगार्डनच्या पुलावरून संध्याकाळी पाणी दिसतं तसा काहीतरी. मी हात पुढे केला तर बाबा दरडावून म्हणाले, "हात लावू नका. ओला आहे अजून."

आणि तो ओला होता. कडेला एक ओघळ हळूहळू खाली येत होता.

शंकरराव उकिडवे बसले. ओघळाला करंगळी लावली, वास घेतला, दोन बोटांत चोळलं. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, ह्यो डिस्टेंपर हाय. जुना, पान्यात कालवायचा. आपल्याकडं समदं प्लॅस्टिक पेंट हायेत. ह्यो मी कित्येक वर्सांत हातात बी धरला न्हाई."

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? मी त्यांच्यावर खेकसले. "शंकरराव, तुम्हीच केलंत ना हे? किल्ली कुठून मिळाली?" बिचाऱ्यांनी नुसते हात पुढे केले. कोरडे, स्वच्छ. डबा खाऊन धुतलेले.

तोवर बाबा खिडकीखालच्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले होते. दीड महिन्यानंतर. "चहा टाका," म्हणाले.

शंकररावांनी त्या पट्ट्याशेजारी बसून रंग कालवला. थेंब थेंब टाकत, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून बघत. अंधार पडेपर्यंत जुळला. दोन दिवसांत हॉल झाला. शनिवारी मी केंद्राला फोन करून जागा नको म्हणून सांगितलं.

दाराच्या मागे पोचल्यावर शंकररावांनी विचारलं, "ह्याच्यावरनं हात मारू का?"

"नको. तेवढं सोडा."

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "इचारू का एक? तुमच्याकडं डावरं कोन हाय?"

"का?"

"ह्ये डाव्या हातानं वडलंय. हितं बगा, बोटं हिकडनं टेकल्यात. उजव्या हाताचं असं येत न्हाई. आमचा धंदाच हाय, कळतंय."

मी उजव्या हाताची. बाबा उजव्या हाताचे. काकूसुद्धा. आई डावखुरी होती. शंकररावांनी आईला कधी पाहिलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी विचारून झालंय. बाबांनी केलं? ते पूर्ण वेळ माझ्यासोबत होते. काकूंनी? त्यांना गुडघ्यात वाकता येत नाही, आणि किल्ली नव्हती. ओलीमुळे जुना रंग वर आला? सिमेंटपर्यंत घासलेल्या भिंतीतून, तीन बोटांच्या आकारात? सोसायटीचा कॅमेरा बघू म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "आहे ना. बंद आहे." नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं होतं, घर ओळखलं की बाबा मलाही ओळखतील. नाही ओळखलं. शेवटचे दहा दिवस मी आमच्याच घरात पाहुणी होते. "बसा ना," म्हणायचे. "संकोच करू नका. आमची ही येईलच इतक्यात." आता त्यांच्याजवळ यवतमाळच्या शोभाताई चोवीस तास असतात. परवा त्यांचा फोन आला. "ताई, बाबा रोज सकाळी त्या दारामागे बोट लावून येते. बोटाले रंग लागते न् पुसू देत नाही बाप्पा." डिस्टेंपर हाताला लागतोच, ते ठीक आहे. पण तीन महिने रोज बोट लावून तो पट्टा एव्हाना पुसला जायला हवा होता. मी शोभाताईंना व्हिडिओवर दाखवायला सांगितलं. स्क्रीनवर रंग नीट कळत नाही, हे मी आता शिकलेय. पण तीन बोटं स्पष्ट दिसतात.

हे कसं झालं, मला माहीत नाही. मी बुधवारी विचारलं आणि गुरुवारी उत्तर आलं, एवढंच मला ठामपणे सांगता येतं.

निघायच्या दिवशी बॅगा दाराशी होत्या, टॅक्सी खाली आलेली. बाबा उठून दारापर्यंत मला सोडायला आले. पाहुण्यांना सोडायला ते पूर्वीपासून येतात.

"लांब जायचंय वाटतं?"

"हो. बरंच लांब."

"परत या," म्हणाले. मग हॉलकडे हात करून, माझी समजूत घालावी तसं, "घर सापडेल तुम्हाला. रंग लक्षात ठेवा, म्हणजे झालं."