पॉपकॉर्नचा पुडा

सिनेमाच्या पहिल्या भागात एकच यंत्रमानव मेला होता. तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याचा पॉपकॉर्नचा हात तोंडाशी जाता जाता थांबला होता. काल आम्ही दुसरा भाग पाहिला. अख्खं शहर जळालं, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. त्याचा हात मात्र चालूच होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पहिल्यापेक्षा भारी आहे हा."

"मुळीच नाही."

"अगं, सगळे टाळ्या पिटत होते."

पिटू देत. पडद्यावर किती मुडदे पडले ते त्यांनी खुशाल मोजावं. बघणाऱ्याचा घास अडला का, एवढंच मी बघणार, एकटी पडले तरी.

त्याच्या हातातला रिकामा पुडा घेऊन मी त्याच्यासमोर धरला.

"मागच्या वेळी अर्धा घरी आणला होतास."