अंगावर येणारं उदाहरण

खडू फळ्याला टेकवण्याआधी मॅडम वर्गाकडे वळून चेहरे बघायच्या. "उदाहरण जवळचं पाहिजे, पण अंगावर येणारं नको," असं त्या आम्हा सोबतच्या शिक्षकांना नेहमी सांगायच्या. भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात आम्ही एकाच क्लासमध्ये शिकवत होतो. मी गणित, त्या कॉम्प्युटर.

प्रोग्राममधली अट शिकवताना त्या म्हणायच्या, "निलंग्याची गाडी लागली असेल तर चढा, नसेल तर थांबा." लूप म्हणजे हौद भरेपर्यंत घागरी ओतणं. पोरं हसत हसत प्रोग्राम लिहायची. एका उदाहरणाचा इतका काय विचार करायचा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

एकदा त्या रजेवर असताना क्लासच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, वजाबाकीचा प्रोग्राम घेतला. गावात माणसं किती, भूकंपात गेली किती, उरली किती? आईवडील ढिगाऱ्यात गेलेली एक मुलगी वर्गात होती. सरांनी तिलाच उभं केलं. "तुझ्याच गावचे आकडे घे की." ती दप्तर उचलून गेली, ती परत आलीच नाही.

मॅडमनी जाब विचारला. सर हसले. "तुम्हीच म्हणता ना, उदाहरण जवळचं पाहिजे?"

"हाव. आता मीबी जवळचंच घेते."

पालक मेळाव्यात सरांनी कौतुकानं मॅडमना त्यांचा प्रोग्राम दाखवायला कॉम्प्युटरपुढं बसवलं. क्लासबाहेरच्या बोर्डावर सरांनी आपले विद्यार्थी म्हणून मिरवलेल्या गुणवंतांचं एकेक नाव पडद्यावर येऊ लागलं. खाली प्रश्न : 'हा आपल्या क्लासमध्ये शिकला का?'

मॅडमनी माईक सरांपुढं धरला. "सर उत्तर देईपर्यंत प्रोग्राम पुढं जात न्हाई."

सरांनी माईक बाजूला सारला. तेवढ्यात एक पालक उठले. "ह्यो तर माझा पुतण्या. ह्यानं ह्या क्लासची पायरी बी चढली न्हाई!"

हॉलभर हशा. सर घामाघूम. मॅडम मात्र शांतपणे पुढचं नाव येण्याची वाट बघत होत्या. महिन्याभरात निम्मा क्लास रिकामा झाला.

मॅडमना अर्थातच काढलं. त्या नांदेडला गेल्या आणि मग आमची गाठ पडली नाही. जाण्याआधी मात्र त्या मला घेऊन शिरूर अनंतपाळला, त्या मुलीच्या मामाकडे गेल्या होत्या. मुलगी बराच वेळ दाराआड उभी होती. मॅडमनी मेळाव्यात घडलेलं सगळं सांगितलं, तेव्हा ती बाहेर आली.

"सर रडले का?" तिनं विचारलं.

"लई रडले," मॅडम म्हणाल्या.

सर रडले नव्हते. मेळाव्यात मी होतोच. मुलगी मॅडमना अगदी खेटून बसली आणि म्हणाली, "कसे रडले ते सांगा."