सगुणा कासारणीनं विचारलं

निजामाच्या राज्यात पटकीची साथ येऊन गेली, त्याच वर्षी मार्गशीर्षात सगुणाबाई कासारीण पिंपळगाव रेणुकाईत तुळजाबाईंच्या घरी बांगड्या भरायला आली. चार दिवसांवर त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. ओट्यावर बायकांची गर्दी होती.

थोरली सून दुर्गा सगळ्यात शेवटी आली. वय चौदा. उजवा हात पुढं केला, डावा पदराआड. सगुणाबाईनं तो डावा हात हलकेच हातात घेतला. मनगटाच्या वर भाजल्याचे जुने-नवे डाग होते.

"कशानं गं?"

"चुलीवर भाजलं."

"चूल काय एकच हात धरून भाजती व्हय?"

बायका पांगल्यावर सगुणाबाईनं आवाज न चढवता विचारलं, "हे तूच करून राह्यलीस ना?"

दुर्गाची मान होकारार्थी हलली. आषाढात तिचा धाकटा भाऊ पटकीनं गेला होता. निरोप तेराव्यानंतर आला, आणि लग्न ठरलेल्या घरात रडणं नको म्हणून त्याचं नावही कुणी काढू दिलं नव्हतं.

"जीव द्यावा वाटतं का?"

"कधी कधी."

सगुणाबाईनं हात सोडला नाही. "हे मी पोटात ठिवणार न्हाई, पोरी. गावभर बी करणार न्हाई. तुझ्या सासूला सांगती, तुझ्यादेखत."

ते ऐकून तुळजाबाई भडकल्या. "नाटकं हायेत! न्हाईतर बाहेरचं लागलं असंल. देवऋष्याकडं नेते."

"बाहेरचं कायबी न्हाई. भाऊ गेलाय तिचा. तिला रागं भरू नका, एकटी सोडू नका, अन् जल्दी आईपाशी धाडा."

"अन् लग्न?"

"एका सुनेवाचून लग्न अडत न्हाई, बाई. पोरगी गेली तर परत येत न्हाई."

तुळजाबाई सुनेजवळ येऊन बसल्या. मग तिला म्हणाल्या, "काय नाव होतं गं त्याचं?"

"कडूबा," दुर्गा म्हणाली, आणि पाच महिन्यांचा हुंदका फुटला.

दुसऱ्याच दिवशी तुळजाबाईंनी गाडी जुंपायला लावली आणि स्वतः तिला माहेरी पोचवलं.

महिनाभरानं दुर्गा परत आली. दुखणं एका दमात गेलं नाही. फाल्गुनात पुन्हा एक डाग दिसला. पण चैत्रात एका दुपारी ती आपण होऊन शेतात सासूकडं आली. "आत्याबाई, आज मला एकटीला बसवंना."

तुळजाबाईंनी हातातलं खुरपं टाकलं. दोघी बांधावर बसल्या, आणि दुर्गा कडूबाविषयी बोलत राहिली.