चिंचोक्यांच्या डावात विल्सनची चोरी

मंडळी, आज दुपारी भुईगावला माझ्या घरी पोकरचा डाव रंगला होता. आम्ही पैसे लावत नाही, चिंचोक्यांवर खेळतो. माझा शाळेपासूनचा मित्र विल्सन पत्ते लपवतो, हे मला महिनाभर माहीत होतं. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण आत चहा करायला गेलेली त्याची बायको तो घेऊन बाहेर येईपर्यंत मी मुद्दाम गप्प बसलो.

"शर्ट काढ," मी म्हणालो.

"वेडा झालास काय?"

"काढ, नाहीतर मी काढतो."

शर्ट उतरताच बाहीतून एक्का पडला. सगळे हसले, सगळ्यात जोरात त्याची बायको. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग बनियनवरच निघून गेला.

चोरी त्याची, पण मजा मला आली. खरं सांगा, तुम्हीही हसला असतात ना?