पळीभर पाण्यातलं जहाज

"दहा नाही गुरुजी, पन्नास! महिन्याला पन्नास लाख म्हणा!"

शेजारचा सुधाकर सत्यनारायणाच्या पाटावरून असा ओरडला, की चौरंगाचे केळीचे खांब चळाचळा कापले. मोबाइलमधल्या कुणा चकचकीत कोटवाल्याने त्याला शिकवलं होतं, ध्येय एवढं मोठं ठेवा की आपलीच छाती दडपली पाहिजे. घरबसल्या ऑनलाइन नेमकं काय विकायचं, ते अजून ठरायचं होतं. नोकरीचा राजीनामा मात्र पाकिटात घालून कलशाला टेकवून ठेवलेला.

मी आजवर हजारभर सत्यनारायण जेवलोय, पण शिऱ्यावरची वासना उडाली ती त्या दिवशीच. संकल्पात माणसं आरोग्य मागतात, घरात सुख मागतात. तळहातावरचं पळीभर पाणी तेवढंच पेलतं. या पठ्ठ्याने त्यात जहाज सोडायला घेतलं होतं, आणि देवाला खलाशी नेमलं होतं! शी!

गुरुजी पाणी सोडायला सांगता सांगता थांबले. संकल्प दोघांचा असतो. बायकोने नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. नंदावहिनींनी तो काढून घेतला होता.

"हात लावा, वहिनी," गुरुजी म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "आधी ते पाकीट फाडा, मग लावते."