धुतलेलं वासरू

यवतमाळला बी.एस्सी. करत होते, तेव्हा मी फार शहाणी होते. सुट्टीत केळापूरजवळच्या आमच्या गावी आले की शिकलेलं सगळं बाच्या डोक्यात ओतायचे. बा, म्हणजे माझे वडील, सगळं ऐकून घ्यायचा, पण आधी त्याचा नेम असायचा. दारातच माझं डोकं दोन्ही हातांत धरून टाळूचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "यवतमाळचं साबन लावलं वाटते." त्याशिवाय मी घरी आले असं त्याला वाटतच नसे.

त्या पावसाळ्यात मी सॅमन माशाचं पुराण लावलं होतं. हा मासा डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जातो आणि काही वर्षांनी अंडी घालायला पुन्हा त्याच ओढ्यात येतो. लहानपणीच त्या पाण्याचा वास त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. नदीला जिथे फाटे फुटतात तिथे तो वास हुंगत वाट धरतो.

"आन वासच नाही आला तं?" बाने विचारलं.

शेतातलं औषध पाण्यात उतरलं की त्याचं नाक बधिर होतं आणि तो भरकटतो, हेही मी वाचलं होतं. परीक्षेत उत्तर द्यावं तसं घडाघडा सांगितलं. बा फवारणीला निघताना तोंडाला मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधत होता. कपाशीचे ते वाईट दिवस होते. अळी कशालाच दाद देत नव्हती. आपलं रान झालं की बा मजुरीनं दुसऱ्यांचीही रानं फवारायचा, वर्षानुवर्षं.

आमची पहिलारू गाय चार दिवसांपूर्वी व्याली होती. वासराच्या कानात, मानेवर गोचीड झाले होते. पंपात उरलेलं औषध बाने त्याच्या अंगाला चोळलं. आमच्याकडे सगळेच तसं करायचे. वासराचे पाय मीच धरले होते. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी!

संध्याकाळी गायीनं वासराला हुंगलं आणि लाथ घातली. पुन्हा सोडलं, पुन्हा लाथ. वासरू कासेकडे जायचं आणि ती फुत्कारत मागे सरायची. रिकाम्या गव्हाणीकडे तोंड करून मात्र त्याच्यासाठी हंबरत राहायची. मला रडू फुटलं.

बाने वासराला हापशावर नेऊन तीनदा रिठ्यानं धुतलं. मायने गायीचंच दूध काढून त्याच्या पाठीला चोळलं, वर मीठ आणि कोंडा लावला. गाय चाटेल, चाटून ओळखेल म्हणून.

"झालं. गेला आता वास," बा म्हणाला.

माझ्या नाकाला झोंबत होतं. "आहे अजून, बा."

"कुठं आहे?"

त्याने वाकून वासराच्या मानेवर नाक टेकवलं आणि जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मायकडे पाहिलं. तिने पदर नाकाला लावला होता. बा तिथेच ओल्या जमिनीवर बसला.

गायीनं वासराला शेवटपर्यंत जवळ घेतलं नाही. बाटलीनं पाजलेलं दूध तोंडातून लाळेसारखं गळायचं, पाय थरथरायचे. तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. औषध अंगात भिनून गेलं की आई असून पोरकं झाल्यामुळे, कोण सांगणार? मी सांगू शकत होते कदाचित. पण त्या दिवसापासून मी घरात शिकवणं बंद केलं.

दिवाळीला घरी आले, तेव्हा बा दारात उभा होता. सवयीनं त्यानं माझं डोकं धरलं, टाळूवर नाक टेकवलं. बराच वेळ तसाच राहिला.

"सांग न पोरी," तो हळूच म्हणाला, "कशाचा वास येऊन राह्यला?"

"साबणाचा," मी म्हणाले.

"हो," बा म्हणाला, "येते."